अवलंबित

इंद्रभान तांगडे जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होते. शाळा जानेफळपासून सहा किलोमीटरवरच्या एका खेड्यात, घर जानेफळात. अक्षर सुरेख आणि आवाज हळू, अशी त्यांची गावात ओळख होती. घरी बायको रुख्मिणी आणि एकुलती मुलगी रेणुका.

रेणुका जन्मली तेव्हा रडलीच नाही, आणि रडली तोवर उशीर झाला होता. मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं डॉक्टरांनी वर्षभरानं सांगितलं. ती कधी बसली नाही, चालली नाही, बोलली नाही. तिला भरवावं लागायचं, कूस बदलून द्यावी लागायची. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की मात्र ती हसायची. पाहुण्यांना याचं नवल वाटायचं. रुख्मिणी तेवढ्यासाठी कधी कधी नुसतं पाणी घालून कुकर लावायची.

रेणुका चार वर्षांची असताना एका सहकाऱ्यानं इंद्रभानना मेहकरला लक्ष्मीकांत उमाळकरांकडे नेलं. उमाळकर आयकराची विवरणपत्रं भरून द्यायचे. तालुक्यातले निम्मे मास्तर त्यांच्याकडे जात. अपंग मुलाच्या आईबापाला करात वेगळी वजावट मिळते, हे इंद्रभानना तिथं पहिल्यांदा कळलं. कळलं तरी बरं वाटलं नाही. पोरीच्या दुखण्यावर पैसे वाचवायचे, याची त्यांना लाज वाटली. उमाळकरांनी त्यांना समजावलं की अशा लेकराला खर्च लागतो हे सरकारनं कायद्यातच मान्य केलेलं आहे, तुम्ही कुणापुढे हात पसरत नाही.

मग त्यांनी एका विमा पॉलिसीबद्दल सांगितलं. ती खास अशाच मुलांसाठी होती. बापानं वीस वर्षं हप्ते भरायचे, आणि बाप गेल्यावर त्या मुलाला जन्मभर पैसे मिळत राहायचे. हप्ता वर्षाला सोळा हजार. इंद्रभानचा तेव्हाचा महिन्याचा पगार अकरा हजार होता. घरी जाऊन रुख्मिणीला विचारतो म्हणाले, पण जिना उतरून खाली आले आणि पुन्हा वर गेले. आपल्यामागं या पोरीचं कसं होणार, हा एकच विचार चार वर्षं त्यांच्या डोक्यात होता, आणि त्यावर काहीतरी उत्तर देणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. त्याच दिवशी त्यांनी सही केली.

तेव्हापासून दर फेब्रुवारीत ते उमाळकरांकडे कागद घेऊन जात. पगारातून किती कर कापायचा हे ठरवणारा अर्ज तेव्हा शाळेत द्यावा लागे. त्यातला बाकीचा भाग उमाळकरांचा माणूस भरायचा. वजावटीचा रकाना इंद्रभान स्वतः भरत. अवलंबित व्यक्तीचे नाव : कु. रेणुका इंद्रभान तांगडे. नाते : मुलगी. अपंगत्व : नव्वद टक्के. हजारो मुलांची नावं त्यांनी हजेरीपटावर लिहिली होती, पण स्वतःच्या मुलीचं नाव कुठल्याच हजेरीपटावर चढलं नव्हतं. ते एवढं एक नाव लिहायला त्यांना बराच वेळ लागायचा. उमाळकर तोवर दुसऱ्या कुणाशी बोलत बसत.

दोन हजार पंचवीसच्या फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला. बारा लाखांपर्यंत कर नाही, असं जाहीर झालं आणि शाळेत पेढे वाटले गेले. इंद्रभान नेहमीप्रमाणे मेहकरला गेले. उमाळकरांनी आकडेमोड करून दाखवली. एप्रिलपासून नवी पद्धत घेतली तर कर शून्य. आतापर्यंत सगळ्या वजावटी करूनही साठ-पासष्ट हजार जात होते, ते सगळे वाचणार. नव्या पद्धतीत विम्याची पावती लागत नाही, घरकर्जाचा दाखला लागत नाही, रेणुकाचं प्रमाणपत्रही लागत नाही.

"मंग तिचं नाव कुठं लिहाचं?" इंद्रभाननी विचारलं.

उमाळकर म्हणाले की नव्या पद्धतीत ती वजावटच नाही, तेव्हा तो रकानाही नाही.

इंद्रभाननी रेणुकाचं प्रमाणपत्र परत पिशवीत ठेवलं. मग हसून म्हणाले, बरंच झालं, तेवढी कटकट गेली. उमाळकरांनाही हसू आलं. लोक आता मोबाइलवरच विवरण भरू लागले तर माझंही दुकान उठणार, असं ते म्हणाले.

एप्रिलचा पगार हातात आला तो साडेपाच हजारांनी जास्त होता. त्याचं काय करायचं ते रुख्मिणीनं आधीच ठरवून ठेवलं होतं. मेहकरला अनुपमा नावाची एक मुलगी फिजिओथेरपीचं शिकून आली होती. ती आठवड्यातून दोनदा स्कूटीवर जानेफळला यायला तयार झाली. आजवर ते परवडलं नव्हतं. अनुपमा यायची, रेणुकाचे हातपाय तेलानं चोळायची, हळूहळू सांधे हलवायची, तोंडानं सतत काहीतरी बोलत राहायची. रेणुकाची डावी मूठ लहानपणापासून आवळलेली होती. नखं तळहातात रुतायची, आणि ती कापायला दोघांना मिळून धरावं लागायचं. जुलैत ती मूठ सुटली. पूर्ण नाही, पण रुख्मिणीला त्या हातात बांगडी चढवता आली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं इंद्रभानना शाळेत फोन करून हे सांगितलं. ते वर्गावर होते, बाहेर येऊन ऐकलं आणि परत आत जायला त्यांना थोडा वेळ लागला.

ऑगस्टमध्ये रेणुकाला ताप आला. दोन दिवसांत छाती भरली. मेहकरच्या डॉक्टरांनी छत्रपती संभाजीनगरला न्यायला सांगितलं. तिथं तिला अतिदक्षता विभागात ठेवलं. अशा मुलांना कफ बाहेर टाकता येत नाही, प्रत्येक वेळी धोका असतो, असं तिथल्या डॉक्टरांनी नीट बसवून सांगितलं. त्यांनी होईल तेवढं केलं. सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास रेणुका गेली. रुख्मिणी काचेच्या दाराबाहेर बाकावर होती. इंद्रभान खाली औषधं आणायला गेले होते. पिशवी घेऊन वर आले तेव्हा परिचारिकेनं ती पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि बाजूला ठेवली. त्यावरूनच त्यांना कळलं.

गावातली माणसं भेटायला आली. बहुतेकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली, की सुटली बिचारी, आणि तुम्हीही सुटले. इंद्रभान प्रत्येकाला हात जोडत. रुख्मिणी उठून आत जात असे.

सप्टेंबरात त्यांनी विमा कंपनीला कळवलं. वीस हप्ते आदल्याच वर्षी पूर्ण झाले होते. कंपनीनं मृत्यूचा दाखला मागवला आणि नोव्हेंबरात भरलेली सगळी रक्कम त्यांच्या खात्यात परत आली. तीन लाख वीस हजार. मोबाइलवर संदेश आला तेव्हा इंद्रभान जेवत होते. त्यांनी रुख्मिणीला दाखवला. तिनं आकडा वाचला आणि म्हणाली, "राहू द्या तठीच." त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही.

पुढच्या जूनमध्ये विवरणपत्र भरायला ते मेहकरला गेले. रेणुका गेली तेव्हा उमाळकर तिसऱ्या दिवशी जानेफळला येऊन गेले होते, त्यामुळे नव्यानं बोलायचं काही नव्हतं. त्यांनी चहा मागवला. कागद बघता बघता विचारलं, पगाराशिवाय दुसरं काही आलं का. इंद्रभाननी पासबुक पुढं केलं आणि नोव्हेंबरातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

उमाळकरांनी चष्मा काढला. कपाटातून आयकर कायद्याचं जाड पुस्तक काढलं, पानं उलटली, एक कलम दोनदा वाचलं. ते त्यांना माहीत होतं, पण माहीत असून आठवलं नव्हतं. तीस वर्षांत कुणाच्या बाबतीत त्याची वेळच आली नव्हती.

"सर," ते म्हणाले, "ही रक्कम तुमच्या उत्पन्नात धरावी लागते."

इंद्रभानना आधी कळलंच नाही. उमाळकरांनी पुन्हा सांगितलं. अशा पॉलिसीत पैसे भरलेले असतील, आणि अपंग व्यक्ती वजावट घेणाऱ्याच्या आधी वारली, तर भरलेली रक्कम ज्या वर्षी परत मिळते त्या वर्षी ती त्याचं उत्पन्न समजायची, असा कायदा आहे. पगार अकरा लाख नव्वद हजार होता, त्यावर कर शून्य होता. त्यात हे तीन लाख वीस हजार मिळवले की बारा लाखांची मर्यादा ओलांडली जाते आणि मग सवलत सगळीच जाते, पहिल्यापासून कर लागतो. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. नव्व्याण्णव हजार साठ रुपये. वर व्याज पाच-सहा हजार.

"पोरगी गेली," इंद्रभान म्हणाले, "हे माझं उत्पन्न?"

काहीतरी करायचं म्हणून उमाळकरांनी जुन्या पद्धतीनं हिशेब करून बघितला. वर्षातले चार महिने रेणुका होती, तेव्हा जुन्या पद्धतीत तिची वजावट अजूनही घेता येत होती. संगणकावर तो रकाना उघडला, आणि गेल्या वर्षीचं नाव त्यात आपोआप आलं. कु. रेणुका इंद्रभान तांगडे. मुलगी. खाली कराचा आकडा आला तो नव्या पद्धतीपेक्षाही जास्त होता. इंद्रभान खुर्ची ओढून जवळ बसले आणि त्या नावाकडं बघत राहिले. मग त्यांनीच सांगितलं, बंद करा म्हणून.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "साहेब, हे कलम कोणं लिहिलं असंन? लेकरू मायबापाच्या आधी जाते, हे त्याले कसं सुचलं?"

"कायदा करताना सगळ्या शक्यता धराव्या लागतात," उमाळकर म्हणाले.

"मले बी सुचलं होतं," इंद्रभान म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. रेणुका दहा-अकरा वर्षांची असताना ते एकदा एकटेच शेगावला दर्शनाला गेले होते. रांगेत तीन तास उभे होते. समाधीपुढं पोचले तेव्हा लोक मागत होते तसं त्यांनीही मागितलं. मागितलं ते हे, की हिला आमच्या आधी ने. फार आधी नको, एक दिवस आधी ने. आणि परतीच्या वाटेवर खामगावला उतरून त्यांनी त्या वर्षीचा हप्ता भरला.

"देवाले सांगतलं, आमच्या आधी जाऊ दे. कंपनीले सांगतलं, आमच्या मागं जगंन. एकाच दिवशी, साहेब. दोन्हीतलं एक तरी लागू पडंन म्हणून." ते थांबले. "देवानं ऐकलं. मले वाटलं नोतं ऐकंन."

उमाळकर उठून खिडकीशी गेले. ती पॉलिसी त्यांनीच सुचवली होती. परत येऊन बसले तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, की सरकारकडं तुमच्या व्यवहारांचं जे वार्षिक माहिती विवरण असतं, त्यात ही रक्कम कुठं दिसत नाही, मी तपासलं. आपण ती दाखवली नाही तर बहुधा कुणी विचारणार नाही. माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात मी हे कुणाला सांगितलेलं नाही, पण तुम्हाला सांगतो. विचार करा, रुख्मिणीबाईंशी बोला, आणि पुढच्या आठवड्यात या.

इंद्रभान घरी आले तेव्हा चार वाजत आले होते. रुख्मिणी ओट्यावर शेपू निवडत होती. ते तिच्या शेजारी टेकले आणि सगळं सांगितलं. करही सांगितला, उमाळकरांनी सुचवलेली वाटही सांगितली. शेगावचं सांगायचं ठरवलं नव्हतं, पण बोलण्याच्या ओघात तेही आलं. सांगून झाल्यावर त्यांना तिच्याकडं बघवेना. ते अंगणातल्या कढीपत्त्याकडं बघत राहिले.

रुख्मिणीचे हात थांबले होते.

"म्याही तेच मागतलं होतं," ती म्हणाली.

इंद्रभाननी मान वळवली.

"बहिणीसंगं गेली होती न शेगावले, त्या साली. तठीच. तुमाले सांगतलं नाही. तुमी काय म्हणान, माय असून असं मागते." तिनं शेपूच्या काड्या एकीकडं सारल्या. "अन् ते दवाखान्यातले सहा दिवस मी उलटं मागत होती. नको म्हणत होती. दिलेलं परत घे म्हणत होती. ते नाही ऐकलं त्यानं."

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, पेरणीची माणसं घेऊन. पलीकडच्या घरातून रुख्मिणीला कुणीतरी हाक मारली, तिनं ओ दिली नाही. इंद्रभाननी तिच्या पाठीवर हात ठेवला. गेल्या दहा महिन्यांत दोघंही रडले होते, पण एकेकटे. आज ती पहिल्यांदा त्यांच्यासमोर रडली, आणि तेही.

संध्याकाळी दिवा लावल्यावर तिनंच विषय काढला. कर किती म्हणालात, असं तिनं पुन्हा विचारलं. त्यांनी सांगितलं.

"भरून टाका."

लाखाच्या वर जातात, ते म्हणाले. हप्ते भरताना किती ओढ झाली होती तेही तिला आठवत असेल. एक वर्ष त्यांनी दिवाळीला कपडे घेतले नव्हते, एक वर्ष तिची पोत गहाण पडली होती.

"मले सगळं याद आहे," रुख्मिणी म्हणाली. "पण वीस वर्सं तुमी तिचं नाव लिहिलं, एकदा तरी खोटं लिहिलं का? तिच्या बाबतीत आपुन देवाशी खोटं बोललो, एकमेकाशी खोटं बोललो. सरकारशी काऊन बोलाचं आता? भरून टाका अन् मोकळे व्हा."

इंद्रभान हो म्हणाले. मोकळं होण्याचं काही त्यांना पटलं नव्हतं, पण ती म्हणत होती ते बरोबर होतं.

पुढच्या सोमवारी ते मेहकरला निघाले तेव्हा रुख्मिणीही लुगडं बदलून दारात उभी होती. मी पण येते, म्हणाली. इंद्रभान क्षणभर तिच्याकडं बघत राहिले. रेणुकाचा दवाखाना सोडला तर चोवीस वर्षांत ते दोघं कुठंही एकत्र गेले नव्हते. लग्न असो, मयत असो, बाजार असो, एक जायचा तेव्हा दुसरा घरी थांबायचा. तिनं कुलूप शोधलं. ते सापडायलाच पंधरा मिनिटं गेली, आणि सापडलं तर किल्ली बसेना. शेवटी शेजारणीकडून कुलूप मागून आणलं.

उमाळकरांनी दोघांना खुर्च्या दिल्या. कर भरू म्हटल्यावर त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. बँकेतून रक्कम वळती केली, चलन आलं. मग विवरणपत्रात इतर उत्पन्नाच्या रकान्यात तीन लाख वीस हजार लिहिले. शेजारी ते कशाचं उत्पन्न आहे हे लिहायला जागा होती. उमाळकरांची बोटं थांबली. काय लिहू, असं त्यांनी विचारलं. रेणुकाच्या नावाची पॉलिसी म्हणून लिहू का?

"तिचं नाव तठी नोका टाकू," इंद्रभान म्हणाले.

उमाळकरांनी नुसतं 'विमा रक्कम परत' असं लिहिलं. मोबाइलवर सहा आकडे आले, ते इंद्रभाननी वाचून दाखवले आणि विवरणपत्र दाखल झालं. फी घ्यायला उमाळकर तयार झाले नाहीत. इंद्रभाननीही आग्रह धरला नाही. निघताना उमाळकर जिन्याखालपर्यंत पोचवायला आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं हे दिसत होतं. शेवटी ते रुख्मिणीला एवढंच म्हणाले, की ती पॉलिसी मी सांगितली नसती तर बरं झालं असतं.

"तसं नोका म्हणू, दादा," रुख्मिणी इंद्रभानकडं हात करून म्हणाली. "त्या कागदापायी वीस वर्सं यायले रात्री झोप लागली."

बसस्टँडजवळच्या हॉटेलात दोघांनी चहा घेतला. रुख्मिणीनं कपातला चहा बशीत ओतून संपवला आणि आजूबाजूच्या टेबलांकडं बघत बसली. उरलेल्या दोन लाखांचं काय करायचं, असं इंद्रभाननी विचारलं. तिला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. तेवढ्यात जानेफळची बस लागली आणि माणसं चढू लागली.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजत होते. रुख्मिणी एकदम उठली, पदर सावरला, पिशवी उचलली. दोन वाजता रेणुकाला भरवायची वेळ असायची. दोन पावलं गेल्यावर ती थांबली.

इंद्रभान बसूनच होते. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि बाकावर ठेवली.

"बस जराशी," ते म्हणाले. "दुसरी येईन."

ती बसली. समोरची बस निघून गेली. पोऱ्यानं येऊन आणखी काही हवं का विचारलं, तेव्हा दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि इंद्रभाननी अजून दोन चहा सांगितले.